दहाच्या जागी अकरा छर्रे : शिरूर ते दौंड, सायकलवर

शिरूरहून दौंडला सायकलवर जायचं खूळ प्रज्ञाचं. माझी मुलगी, बारावीला आहे. दौंडला तिची आत्या राहते आणि दर वेळी एसटीनं जायचा तिला कंटाळा आलाय. "पप्पा, सत्तर किलोमीटर तर आहेत," म्हणाली. मी मुळात भित्रा माणूस. हो तर म्हणालो, पण आदल्या दिवशी दोन्ही सायकलींची चाकं खोलून बसलो.

सणसवाडीच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. जोडणी झाल्यावर ट्रेमध्ये एक जरी पार्ट उरला, तरी लाइन थांबवायची ही आमच्याकडची शिस्त. प्रज्ञाच्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगमधले जुने छर्रे मी न मोजताच रॉकेलात टाकले, ही पहिली चूक. नवीन बसवताना आसाच्या एका बाजूच्या कपात, म्हणजे छर्रे बसतात त्या वाटीत, दहा बसले, शेजारी थोडी फट दिसली आणि ताटलीत एक छर्रा उरला. उरलेला छर्रा मला बघवेना. अंगठ्यानं दाबून तोही बसवला. चाक जरा जड फिरत होतं, पण नवीन ग्रीस आहे, जड फिरणारच, अशी मनाची समजूत घातली.

सकाळी सहाला निघालो. जानेवारीची थंडी, बोटं बधिर. न्हावऱ्याकडे जाणारा रस्ता बरा आहे, पण गाळपाचा हंगाम असेल तर सांभाळून. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर मागून येतात आणि चालकाला गाण्यापुढे काही ऐकू येत नाही. मागून गाणं आलं की सरळ डांबर सोडून खाली उतरायचं. मी उतरायचो. प्रज्ञा उतरायची नाही.

न्हावऱ्यात चहा आणि गरम वडापाव घेतला, दोघांचे मिळून शंभराच्या आत. प्रज्ञा नळावर हात धुवायला गेली, तेवढ्यात मी तिचं पुढचं चाक उचलून फिरवलं. दांडीला लावलेल्या हाताला बारीक करकर लागली. बाकावर बसलेल्या एका आबांनीही ती ऐकली.

"चाक वाजतंय व्हय ओ?"

"नवीन ग्रीस हाय आबा, बसंल."

"बसंल तवा बसंल. पोरीला हळू जायला सांगा."

मला कळलं होतं. तरी प्रज्ञाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर चाक आपणच बिघडवलंय हेही सांगावं लागलं असतं. पोरगी परत आली, सायकलवर बसली आणि निघाली. पुढचा सगळा रस्ता मी हिरवं शेत बघितलं नाही की आकाश बघितलं नाही. फक्त तिचं चाक बघत होतो.

पारगावच्या अलीकडे रस्ता भीमेच्या पुलाकडे उतरतो. तिथं ती वेगात सुटली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तिचं हँडल थरथरताना मला मागून दिसलं. "प्रज्ञा, थांब!" म्हणून ओरडलो, पण ट्रॅक्टरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. चाक आता अडकेल, ती हँडलवरून पुढं फेकली जाईल, ट्रॉलीखाली जाईल, हे सगळं मला घडल्यासारखं दिसलं. तिनं ब्रेक दाबला, पाय जमिनीला घासत नेला आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. ट्रॅक्टर शेजारून निघून गेला. मी मागून पोचलो आणि सायकलवरून उतरलो.

पारगावात सायकली ढकलत नेल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या आप्पांनी तिच्या सायकलवरचं अशोकचक्र बघून "जय भीम" केला आणि चाक खोललं. ग्रीस काळं पडलेलं, एक छर्रा दुभंगलेला, छर्रे दाबून धरणाऱ्या कोनला खड्डा.

"भरून टाकलं व्हय छर्रं? आवो, एकाची जागा मोकळी ठिवायची असती. न्हाईतर एक वर चढतो आन् सगळ्यांचा भुगा करतो. कुणी बसवलं?"

"मीच."

"आवाज कवापासनं येतुया?"

"आत्ताच. उतारावर."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "न्हावऱ्यात ते आबा विचारत होते ना, पप्पा."

आप्पांनी मान खाली घालून नवीन कोन शोधायला घेतला.  अशी शरम मला कधी वाटली नव्हती.

तुम्ही जाणार असाल तर आप्पांनी सांगितलेलं लिहून ठेवा. छर्रे मोजूनच खोला आणि सगळे एकदम बदला, जुन्यात नवे मिसळू नका. कोन चाकाची डगडग जाईपर्यंतच आवळा. चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्हची बाजू आपोआप खाली यायला हवी. पेडलच्या दांड्या धरून हलवा, तिथंही सैलपणा नको. सीलबंद बेअरिंग घेऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "घ्या की. मोजायची कटकट न्हाई. पण वाटंत गेलं तर खेड्यात कोण बदलून देणार? छर्र्याचं कुठंबी खोलता येतं."

चौफुल्यापासून हायवे. रुंद आहे, पण ट्रक अंगावर येतात. पाटसला कारखान्याच्या मळीचा वास आला आणि दुपारी दोनला दौंडला पोचलो. वाटेत प्रज्ञा पुढं गेली नाही, माझ्या शेजारूनही चालवली नाही. परत यायला सायकलवर बसायची माझी हिंमत झाली नाही. भाच्याच्या पिकअपमध्ये सायकली टाकून आलो.

घरी बायकोनं विचारलं, "काही त्रास नाही ना झाला?" मी तोंड उघडायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "काही नाही गं, मस्त झालं." तिनं मला वाचवलं, आणि मला कसंसंच झालं.

पुढच्या रविवारी मी माझं चाक खोललं आणि तिला हाक मारली, "तुझी सायकलही आण, बघून देतो."

"नको पप्पा," ती हसून म्हणाली, "मी कालच बाजारातल्या दुकानात दाखवून आणली."

मी बरं म्हणालो आणि छर्रे मोजायला घेतले.