राखीव क्वार्टरबॅकचे तीन सामने

आमच्या कारखान्याच्या गोदामात एक सुपरवायझर होता. पन्नाशीला आलेला, दारातून तिरका होऊन आत येणारा. सुट्टीच्या दिवशी तो एका हौशी अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच असायचा. आयर्लंडमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतात हे मला तिथे सात वर्षं राहूनही माहीत नव्हतं. बऱ्याच आयरिश लोकांनाही माहीत नव्हतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तो माझ्या टेबलापाशी आला. मी क्लोनडॉकिनच्या एका मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. काही बिघडलं की ते का बिघडलं याचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. त्याच्या गोदामात नुकतीच खोक्यांची एक रास ओली झाली होती आणि तिच्यावर मी चौदा पानं लिहिली होती. त्याने ती वाचली होती. माझा अहवाल पूर्ण वाचलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

"ओल्या खोक्यांवर चौदा पानं लिहितोस, तर एका पोरावरही लिहिशील," तो म्हणाला.

प्रकरण असं होतं. आदलं अख्खं वर्ष कोविडमुळे एकही सामना झाला नव्हता. या वर्षीही लीग नव्हतीच, पण चार क्लबांनी आपापसात मैत्रीपूर्ण सामने ठरवले होते. सामने जवळ आले आणि संघाचा क्वार्टरबॅक मुलांसाठी ट्रॅम्पोलिन उचलताना पोटरी दुखावून बसला. तो छत्तीस वर्षांचा शाळामास्तर, दहा वर्षं तीच जागा सांभाळणारा. आता राखीव पोराला उतरवावं लागणार होतं. तीन सामन्यांनंतर मास्तरची पोटरी बरी होईल आणि चौथा सामना शेजारच्या क्लबाशी आहे, ज्या क्लबातून कोच भांडून बाहेर पडला होता. त्या सामन्यात मास्तरला खेळवायचं की पोराला, हे त्याला ठरवायचं होतं.

"पण मला हा खेळ कळत नाही," मी म्हणालो.

"तेच बरं. कळणाऱ्या सगळ्यांना तो पोरगा आवडतो."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तुला क्रिकेट तरी कुठे कळतं?" हे खरं होतं. पण गेल्या दीड वर्षात आम्ही घर आणि कारखाना सोडून कुठे गेलो नव्हतो, आणि दर रविवारी कुठेतरी जायला मिळणार होतं. मी हो म्हटलं.

नियम मी दोन रात्रींत वाचून काढले. क्वार्टरबॅक म्हणजे असा माणूस, की प्रत्येक वेळी चेंडू आधी त्याच्या हातात येतो. पुढच्या तीनेक सेकंदांत त्याने तो कोणाकडे फेकायचा हे ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरचे चार-पाच धिप्पाड लोक त्याला आडवं करायला धावत येतात. मी तक्ता आखला: अनुक्रमांक, कोणाकडे फेकला, किती वेळ घेतला, काय झालं, शेरा. शेऱ्यात तीनच पर्याय ठेवले. योग्य, अयोग्य, उत्तम.

पहिला सामना आमच्याच मैदानावर होता. पोराने हेल्मेट काढलं तेव्हा मी त्याला ओळखलं. एकवीस वर्षांचा, कानांपर्यंत लाल झालेला. उन्हाळ्यात लसीकरण केंद्रावर खुर्च्या पुसून माणसांना जागेवर बसवायचं काम करायचा. मला दुसऱ्या डोसच्या वेळी त्यानेच सात नंबरची खुर्ची दिली होती.

त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. पोराने चेंडू तीन वेळा थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. एकदा मागे सरकताना तो आपल्याच माणसाच्या पायात अडकून पडला, त्याला कोणी हात न लावता. माझा तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि मी पिशवीत हात घालून लिहीत होतो. आम्ही मोठ्या फरकाने हरलो. काठावर मास्तर एका पायावर भार देऊन उभा होता आणि प्रत्येक चुकीनंतर पोराला ओरडून सांगत होता, "ग्रँड! ग्रँड! पुढचा!"

ग्रँड या शब्दाचा अर्थ तिथे छान असाही होतो, चालेल असाही होतो आणि विषय संपवू या असाही होतो. इथे कोणता घ्यायचा हे मी मास्तरला विचारलं. "तिन्ही," तो म्हणाला.

दुसरा सामना किलकेनीला. ते हर्लिंगवेड्यांचं शहर. काठीने चेंडू मारत क्षणभर न थांबणारा हा खेळ तिथली पोरं चालायला शिकतात त्याच सुमारास शिकतात. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन माझ्याशेजारी बराच वेळ उभे राहिले.

"सुरू कधी होणार?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तास झाला सुरू होऊन."

त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. मग कुत्र्याला म्हणाले, "चल."

पण ते गेले आणि थोड्याच वेळात पोराने सामना जिंकून दिला. शेवटची संधी होती. चार जण अंगावर धावून येत होते. त्याने मागच्या पायावरच एक लांब, उंच फेक केली आणि अगदी टोकाला आमच्या माणसाने ती झेलली. सगळे त्याच्या अंगावर पडले. मी सत्तेचाळीस नंबरच्या ओळीत 'उत्तम' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. अहवालाच्या कामात मी रेघ सहसा ओढत नाही.

सोमवारी कोचने कँटीनमध्ये विचारलं, "मग? ग्रँड आहे का तो?"

"तिसरा सामना झाल्याशिवाय काही म्हणता येणार नाही."

"खोक्यांचंही तू असंच म्हणाला होतास," तो म्हणाला आणि सॅंडविच घेऊन गेला.

तिसरा सामना ट्रलीला होता, म्हणजे इथून गाडीने चार तास. कोचच्या व्हॅनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून पोरगा माझ्या गाडीत आला. आम्ही दोघांनी मास्क लावले होते आणि काचा दोन बोटं खाली होत्या. लिमरिकपर्यंत तो फारसं बोलला नाही. नंतर खायला काहीतरी घ्यायला मागे वळला, तर मागच्या सीटवर माझी फाइल.

"हा मी आहे का?" त्याने विचारलं.

खोटं बोलायला वेळ होता, पण सुचलं नाही. "हो."

"वाचू?"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असलं तरी त्याचा सूर तुम्हीचाच होता. मी वाच म्हटलं. तो पहिल्या ओळीपासून वाचत गेला, मनातल्या मनात, बोट ठेवून. पुढे ट्रॅक्टर होता आणि त्याला ओलांडता येत नव्हतं, त्यामुळे ते वाचन फार लांबलं.

"चौदा नंबर," तो शेवटी म्हणाला. "इथे अयोग्य लिहिलंय."

"तू मैदानाबाहेर फेकलास. तिथे कोणी नव्हतं."

"मुद्दाम. सगळ्यांना अडवलं होतं. हातात ठेवला असता तर मी चेंडूसकट आडवा झालो असतो. बाहेर फेकला, नुकसान वाचलं."

मला हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, "असे अजून किती आहेत?"

त्याने माझं पेन मागितलं. एकेक ओळ मला सांगून, मी हो म्हटल्यावर तो खूण करत होता. मी अयोग्य लिहिलेल्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश ओळी योग्य निघाल्या. ट्रॅक्टर वळला, मी वेग घेतला, आणि मला वाटलं की आता हा सगळाच तक्ता आपल्या बाजूला वळवणार. मी त्याच्या जागी असतो तर वळवला असता.

"आणि सत्तेचाळीस," तो म्हणाला.

"ती उत्तम आहे."

"नाही. ज्याने झेलली त्याच्याकडे मी ती फेकलीच नव्हती. डावीकडच्याकडे फेकली होती. हातातून सुटली." त्याने त्या ओळीवर पेन टेकवलं. "तो तिथे होता ते आमचं नशीब. अयोग्य लिहा."

"सामना जिंकलात तुम्ही त्यावर."

"जिंकलो ना. पण फेक चुकलीच होती."

मी गाडी चालवत होतो, म्हणून ती ओळ त्यानेच खोडली. रेघेसकट. पुढे कॅसलआयलंडपर्यंत आम्ही बटाट्याचे चिप्स खाल्ले आणि त्याच्या आजीच्या कुत्र्याबद्दल बोललो. माझ्या नोकरीत मी शेकडो लोकांना त्यांच्या चुकांबद्दल विचारलं आहे. लेबल सदोष होतं, मशीन जुनं होतं, आधीच्या शिफ्टने सांगितलं नाही, हेच ऐकत आलोय. स्वतःची सगळ्यात गाजलेली गोष्ट आपणहून खोडणारा माणूस माझ्यापुढे पहिल्यांदाच आला होता आणि याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, ते मला कळत नव्हतं.

ट्रलीला तो बरा खेळला. चेंडू प्रतिस्पर्ध्याला एकदाही दिला नाही. पण शेवटच्या मिनिटात, आम्ही थोडक्याने मागे असताना, तो फेकायचं की पळायचं यात अडकला आणि चेंडू हातात धरूनच आडवा झाला. सामना तिथेच संपला. परतीच्या वाटेवर तो झोपून गेला. झोपण्याआधी एवढंच म्हणाला, "शेवटची माझी चूक. पाच सेकंद घेतले मी."

माझ्या घड्याळातही पाचच होते.

अहवाल मी तीन पानांचा लिहिला. एका रविवारी पुन्हा सगळा तक्ता पाहिला आणि बायकोला वाचून दाखवला. पोरगा मला आवडला होता, हे पहिल्याच पानावर लिहून टाकलं, म्हणजे वाचणाऱ्याला सावध राहता येईल. मग लिहिलं: निर्णय सुधारत आहेत, चुका कमी होत आहेत, पण दबावात वेळ जास्त लागतो. आजच्या घडीला मास्तर अधिक भरवशाचा आहे. शिफारस अशी, की चौथ्या सामन्याचा पहिला अर्धा मास्तरने खेळावा आणि दुसरा अर्धा या पोराने, म्हणजे त्याची वाढ थांबणार नाही.

"तुला वाईट वाटतंय का?" बायकोने विचारलं.

"थोडं."

"मग शब्द बदल."

"शब्द बरोबर आहेत."

कोचने पहिलं पान वाचलं, शेवटच्या पानावरची शिफारस अर्धी वाचली आणि मास्तरला खेळवलं. चौथ्या सामन्यात मास्तरची पोटरी टिकली. आम्ही जिंकलो. कोच शेजारच्या क्लबाच्या कोचशी हस्तांदोलन करताना जरुरीपेक्षा जास्त वेळ हसत राहिला. पोरगा पूर्ण सामना काठावर उभा होता, हेल्मेट हातात धरून, आणि मास्तरच्या प्रत्येक फेकीनंतर त्याला काहीतरी ओरडून सांगत होता. दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा मी कोचकडे पाहिलं. कोचने माझ्याकडे पाहिलं नाही.

सामना संपल्यावर मी पोराकडे गेलो. त्याला दुसरीकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं मनात होतं.

"मास्तरला खेळवा, असं मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"माहितेय. वाचलाय मी. कोचने दिला."

"मग?"

त्याने हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. "बरोबर आहे सगळं. पाच सेकंदांचंही. फक्त माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. तिन्ही पानांवर."

त्याच्या नावात बरीच अक्षरं होती आणि त्यातली निम्मी उच्चारायचीच नव्हती. मी उच्चाराबरहुकूम लिहिलं होतं. या देशात माझ्या आडनावाचं काय काय होतं ते मी सात वर्षं ऐकत होतो, त्यामुळे मला खरंच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी अहवालाची दुसरी आवृत्ती काढली. बदलाच्या रकान्यात 'नावाची दुरुस्ती, अन्य मजकूर कायम' असं लिहिलं आणि एक प्रत त्याच्यासाठी कोचजवळ दिली. कोचने न वाचता सही केली.

डिसेंबरमध्ये मास्तरने खेळ सोडला. घरी ट्रॅम्पोलिन पुन्हा हलवायची होती आणि बायकोने दोन्हींपैकी एकच जमेल असं सांगितलं होतं म्हणे. कोच कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, की पुढच्या मोसमात पहिल्या सामन्यापासून तो पोरगाच खेळणार.

मला बरं वाटलं. "अहवालातल्या कोणत्या मुद्द्यावरून ठरवलंस?" मी विचारलं.

कोचने जरा विचार केला.

"दुसरं आहे कोण?" तो म्हणाला.