सरांचा अनवाणी बँड

माणसाचा जन्म रांगेत उभं राहण्यासाठीच झाला आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या बँडचा सर निघाला. तसे ते पीटीचे सर. पण पीटी हा पोटापाण्याचा उद्योग आणि बँड हा जीव. वाकडी रांग दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. हे मी अक्षरशः सांगते आहे. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात पंगत वाकडी बसली म्हणून त्यांनी जेवणाऱ्या पाहुण्यांना पत्रावळीसकट सरकवलं होतं. नवरदेवाचे मामा जिलबी हातात धरून मुकाट्यानं सरकले. मी आमटी वाढत होते. बादली हातातून सुटायचीच राहिली.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या बँडमध्ये मी ट्रँगल वाजवत असे. संचलनाचा सराव सरांनी मैदानावर फारसा कधी घेतलाच नाही. "मैदानात काय, गाढव बी सरळ चालतंय," असं म्हणून ते आम्हाला भवानीनगरच्या रस्त्यावर, कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांमागून चालवत. बैलाच्या पावलाला पाऊल जुळवायचं, असा नियम. पोरं हळूच गाडीतला ऊस ओढायला बघत आणि सर गरजत, "उसाकडं न्हाय, बैलाकडं बघा! त्यो पगार घेत न्हाय, तरी पाऊल चुकत न्हाय त्येचं!" एकदा बाजाराहून येताना आईनं हा देखावा पाहिला आणि ती रस्त्यातच थबकली. घरी आल्यावर म्हणाली, "तुला साळंत शिकाया धाडलीया का गाडीला जुपाया?"

त्यातून बुटांचं वेड वेगळंच. आमचे कॅनव्हासचे बूट पांढरे शुभ्र हवेत, म्हणून आम्ही त्यांना खडू फासून आणत असू. रोज सकाळी सर उकिडवे बसून प्रत्येकाच्या बुटावरून बोट फिरवत. बोटाला माती लागली की त्या पोराची रवानगी घरी. मातीच्या रस्त्यानं चालत आलेल्या पोरांच्या बुटाला माती लागणार नाही तर काय लागणार? पण हे सरांना सांगणार कोण!

त्या वर्षी शाळेत संगणक येणार होता आणि त्याला ठेवायला जागा नव्हती. हेडमास्तरांचा डोळा बँडच्या खोलीवर गेला. त्यांनी सरांना सरळ सांगितलं, "बारामतीच्या स्पर्धेत नंबर आला तर खोली तुमची. नाही आला तर वाद्यं अडगळीच्या खोलीत." सर बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "पोरांनो, नंबर आणायचा. न्हायतर पुढच्या वर्षी बँड न्हाय." ते ओरडले नाहीत, याचाच आम्हाला जास्त धसका बसला.

आणि स्पर्धेच्या तोंडावर थंडीनं मोठ्या ड्रमचं कातडं सैल पडलं. शहाण्या माणसानं तो उन्हात ठेवला असता. सरांना तेवढा दम कुठला? शाळेमागं गुऱ्हाळ चालू होतं. सरांनी ड्रम उचलला आणि नेऊन थेट गुऱ्हाळाच्या धगधगत्या चुलवाणापाशी उभा केला. "घटकाभरात कसं ताणतंय बघा," असं म्हणत ते वाटीतली गरम काकवी चाटायला बसले. कातडं ताणलं, आणखी ताणलं, आणि असा आवाज झाला की गुळव्या हातातलं फावडं टाकून उसाच्या फडाकडं पळाला. आम्ही आ वासून बघत राहिलो. सर वाटी हातात धरून तसेच बसून होते.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही बारामतीच्या मैदानावर पोचलो, तर सर आधीच तिथं. सोबत फेटा बांधलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा, आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात ढोल! ज्या सरांनी जन्मभर "ढोल म्हंजी जत्रा, बँड म्हंजी शिस्त" असं आम्हाला ऐकवलं, त्यांनी ढोल आणावा? त्याहून मोठा धक्का म्हणजे ते म्हातारे, तात्या, सरांचे वडील होते. सरांना वडील असतील हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोणी भापकरकडचं हे घर पूर्वी मेंढरं राखायचं आणि देवापुढच्या गजी नाचाला ढोल त्यांच्याच घरचा असायचा. सरांनी तो ढोल सोडून शिट्टी धरली, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं जवळजवळ बंदच होतं.

आमचा ड्रमवाला बाळू पुढं झाला. तात्यांनी ढोलावर भंडारा उधळला आणि बाळूच्या पायाकडं बोट दाखवलं. "पायातलं काढ. ह्यो देवाचा ढोल हाय. पायताण घालून ह्येला कुणी हात लावत न्हाय."

"तात्या," सर हळूच म्हणाले, "हितं बुटाला गुण असत्यात."

"मग बूटच वाजव की."

ढोल नसेल तर बँड नाही, आणि बूट नसेल तर नंबर नाही. एवढं आम्हालाही कळत होतं. मग ते खाली वाकले. मला वाटलं, सवयीनं बुटांवरून बोट फिरवणार. त्यांनी स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. "बँड! बूट काढ!" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो, तसे कडाडले, "एकटा बाळू अनवाणी आन् बाकीच्यांच्या पायात बूट? मग रांग कशाला म्हणायची?"

आम्ही मुरमावरून अनवाणी निघालो. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि तो थेट पोटात उतरला. शेंगदाणेवाले, बसवाले, दुसऱ्या शाळांची पोरं, सगळी उभी राहिली. माझ्या टाचेत सराटा घुसला, डोळ्यांत पाणी आलं, पण पाऊल चुकलं नाही. शेजारी सर चालत होते, आणि आमची कंबर नुसती हलली तरी अंगावर येणाऱ्या त्या माणसाचे खांदे ठोक्यावर डुलत होते! ट्रँगल वाजवायचं मी क्षणभर विसरलेच.

परीक्षकांनी वादनाचं तोंड भरून कौतुक केलं आणि बुटांचे सगळे गुण कापले. नंबर गेला. देवाच्या ढोलाचं सांगितलं असतं तर कदाचित विचार झालाही असता. पण सर म्हणाले, "गणवेश सगळ्यांचा सारखा हाय, साहेब," आणि वळले. तात्या ढोल पाठीवर टाकत म्हणाले, "पोरं चांगली तयार केलीस." सर आमच्यादेखत त्यांच्या पाया पडले. असलं काही बघायची आम्हाला सवय नव्हती. आम्ही माना खाली घातल्या.

संगणक आला त्या दिवशी शिपाई वाद्यं हलवायला आले, तर सरांनी त्यांना हात लावू दिला नाही. आम्हाला गणवेशात बोलावलं आणि बँड वाजवत अडगळीच्या खोलीपर्यंत संचलन करवलं. दाराशी "थम!" म्हणाले. एकेकाच्या हातातलं वाद्य घेऊन, रुमालानं पुसून, स्वतः आत ठेवलं. माझा ट्रँगल शेवटचा होता. मग बाहेर येऊन ते आमच्यासमोर ताठ उभे राहिले. आता "विसर्जन!" एवढाच हुकूम उरला होता. आम्ही वाट बघत होतो. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं आणि पुन्हा मिटलं. शाळा सुटली, मैदान रिकामं झालं, तरी तो हुकूम काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी आम्हीच एकेक करून हळूच रांगेतून निघालो, आणि न विचारता रांग मोडली म्हणून त्या दिवशी सर कुणालाच ओरडले नाहीत.