छत्रीखालची बाई

तळोद्यात मुनव्वर फोटोग्राफरचं नाव निघालं की लोक माना डोलावतात. लायटिंग असावी तर मुनव्वरची, म्हणतात. डोलवा बापड्यांनो. मी कुंदन पाटील, गेली अकरा वर्षं त्याच्या लग्नांचे अल्बम तयार करतो. नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसायची तर संगणकावर तिचा चेहरा मोठा करावा लागतो, डोळे साफ करायचे तर त्याहून मोठा. तेवढा मोठा केला की बुबुळात पांढरी छत्री दिसते, फ्लॅशचा उजेड मऊ करायला लावतात ती. आणि छत्रीखाली एक बारीक काळी आकृती, हात वर केलेली. ती सलीमाभाभी, मुनव्वरची बायको. जिल्ह्यातल्या कितीतरी नवरी मुलींच्या डोळ्यांत ही बाई उभी आहे, आणि एकाही अल्बममध्ये तिचा फोटो नाही.

मुनव्वरने सुरतेहून वायरलेस फ्लॅश आणला तेव्हा गावात त्याचं मोठं अप्रूप होतं. एक डबी कॅमेऱ्यावर बसवायची, दुसरी फ्लॅशखाली. बटण इथे दाबायचं आणि उजेड पडणार दहा फुटांवरून, मध्ये वायर नाही. पहिल्याच लग्नात, पुरुषोत्तमनगरला, मांडवात वारं शिरलं आणि छत्रीसकट स्टँड वरमाईच्या पायाशी आडवा झाला. दुसऱ्या लग्नाला मुनव्वर स्टँडऐवजी बायकोला घेऊन गेला. बाई वाऱ्याने पडत नाही, एवढाच त्याचा हिशेब.

सलीमाभाभी सातवी शिकलेली. घरात त्यांची हिंदी, चारचौघांत अहिराणी. तिने कॅमेरा कधी हातात धरला नाही, पण दोन महिन्यांत तिच्या हातातला उजेड असा पडायला लागला की मी खुर्चीत सरसावून बसलो. नाकाची सावली नेमकी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. सावळ्या मुली सावळ्याच राहायच्या आणि देखण्या दिसायच्या. मी तिला विचारलं, हे कुठे शिकलात?

"शिकसू कोठे भाऊ? दाराशी बशीसन दाणा निवडतस ना, तवय एक बाजूथून उजेड येस. बाई तवय चांगली दिखास. मांडवले दार नही ऱ्हास. मंग मी पहिले ठरावस, दार कोठे शे. आनि तठे जाईसन हुभी ऱ्हास."

बस. मोठमोठे लोक ज्याच्यावर तासभर बोलतात ते तिने दाणे निवडता निवडता सांगितलं.

एका लग्नात मुलाकडच्यांनी त्यांचा वेगळा फोटोग्राफर आणला होता. आपल्याकडे दोन्ही बाजूंचे दोन असतातच, आणि दोघं एकमेकांना कोपराने ढकलत असतात. त्या दिवशी मुनव्वरचे निम्मे फोटो काळे यायला लागले. फ्लॅश भलत्याच वेळी उडायचा आणि त्याने बटण दाबलं की गप्प. भर मांडवात तो बायकोवर ओरडला, "हात काबर हालस तुन्हा?" नाचता येईना अंगण वाकडं. चारशे माणसांनी वळून पाहिलं.

"मन्हा हात नही हालना," ती म्हणाली. "हाऊ फ्लॅश दुसराना हुकूम ऐकी ऱ्हायना."

खरंच तसं होतं. आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्यांनी त्या डब्या सुरतेच्या एकाच दुकानातून घेतल्या होत्या. दुकानदाराने सांगितलं होतं, सेटिंग करून दिलंय, आता हात लावू नका. कोणी लावला नाही. डबीच्या अंगावर चार बारीक बटणं होती, ती सरकवली की चॅनल बदलतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळा तालुका एकाच चॅनलवर, आणि दोन फोटोग्राफर समोरासमोर आले की एकाच्या बटणावर दुसऱ्याचा फ्लॅश उडायचा, आणि पुन्हा चार्ज होईपर्यंत आपल्या मालकालाही जुमानायचा नाही. सलीमाभाभीने ओढणीची सेफ्टीपिन काढली, दोन्ही डब्यांचं एकेक बटण सरकवलं, पिन परत लावली आणि छत्री उचलली. त्या लग्नाचे पुढचे फोटो माझ्याकडे आहेत. एकही काळा नाही.

मग मुनव्वरचं नाव झालं. नाव झालं तशी त्याला बायकोची लाज वाटायला लागली. मोठ्या घरची लग्नं मिळतात, तिथे बायकोला छत्री धरायला लावलेलं बरं दिसत नाही, म्हणे. त्याने दोन जाड स्टँड घेतले, पायाशी वाळूच्या पिशव्या बांधल्या आणि तिला घरी बसवलं. उजेड बिघडला. मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, तू तुझी पानं लाव.

गेल्या वर्षी त्याने तळोद्याला एक हॉल घेऊन शिबिर ठेवलं, वायरलेस फ्लॅश कसा वापरायचा याचं. शहादा, अक्कलकुवा, धडगावपासून तीस-पस्तीस फोटोग्राफर येणार होते. सोबत वाटायला बारा पानांची पुस्तिका, ती अर्थात माझ्याकडे. मजकूर वाचला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पान तीन, "आधी दार शोधा." पान सात, सेफ्टीपिनने चॅनल बदलण्याची गोष्ट, आणि पिन साहेबांच्या खिशातली. आयत्या बिळावर नागोबा!

त्याच आठवड्यात सलीमाभाभी माझ्या दुकानात आली. बसली नाही. "भाऊ, मी त्यासले सांगं, एकदाव मन्हं नाव ल्या. लोकेस्ना समोर, एकदाव. दुसरं काही नको. ते हा म्हनात. तुम्हीन पुस्तकमां बी टाकशात ना?"

मी लगेच टाकलं. शेवटच्या पानावर, "प्रकाशयोजना: सलीमा मुनव्वर." खाली, "मांडणी: कुंदन पाटील." मुनव्वर छापण्याआधी बघायला आला. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हाई काढी टाक."

"भाभींना तू हो म्हणालास ना?"

"घरमां म्हनस माणूस. लोके हासतीन. काढी टाक, नहीतं धुळाले दखस दुसरा कोनी."

माझं निम्मं दुकान त्याच्या अल्बमांवर चालतं. मी शेपूट घातलं. ओळ काढली, आणि मोकळी जागा वाईट दिसते म्हणून माझी ओळ वर सरकवली.

शिबिराच्या दिवशी त्याला उजेड टाकून दाखवायला एक चेहरा हवा होता, म्हणून बायकोलाच खुर्चीत बसवलं. ती ठेवणीतला हिरवा ड्रेस घालून आली होती. मुनव्वर तासभर बोलला. दाराची गोष्ट सांगितली, पिनेची सांगितली. दर गोष्टीपाशी ती थोडी ताठ व्हायची, आता नाव येईल म्हणून. नाव आलं नाही. मग त्याने स्टँड लावून फोटो काढला आणि पडद्यावर टाकला. अर्धा चेहरा सपाट, डोळ्यांखाली खड्डे. ती उठली, स्टँड दोन पावलं डावीकडे नेला, छत्री वीतभर वर केली आणि परत येऊन बसली.

"दार आठे शे," एवढंच म्हणाली.

पोरं खो खो हसली. मुनव्वरही हसला. पुढचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मात्र टाळ्या पडल्या. त्याने झुकून त्या घेतल्या. आभार मानले, सुरतेच्या व्यापाऱ्याचे, हॉलच्या मालकाचे, माझे. शेवटी स्टँडच्या दांड्यावर थोपटून म्हणाला, "आणि हा माझा सगळ्यात इमानदार असिस्टंट. कधी उलटून बोलत नाही." पुन्हा हशा. मी पडद्याकडे बघत होतो. एवढ्या मोठ्या पडद्यावर काही मोठं करून बघायची गरज नव्हती. तिच्या डोळ्यात छत्री होती, छत्रीखाली तीन पायांचा स्टँड होता आणि माणूस कोणी नव्हतं.

चहाच्या वेळी तिने एक पुस्तिका उचलली आणि थेट शेवटचं पान उघडलं. ओळीखाली बोट धरून वाचलं. पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे आली.

"हाई तुम्हीनच छापं ना, भाऊ?"

मी हो म्हणालो. तिने पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली आणि स्टँड आवरायला गेली. त्या पस्तीस जणांत त्याची कुणालाच नीट घडी करता येत नव्हती.