लाल बटण माझ्या हातात नव्हतं

माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, यकृतावर गाठ निघाली. तेवढा भाग काढायचा ठरला आणि डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. दोन्हींत पोटाला छोटी छिद्रंच. एकीत दुर्बीण आणि सरळ दांड्याची हत्यारं, दुसरीत रोबोट. गाठ मागे, अडचणीच्या जागी. तिथे रोबोटचं मनगट वळतं, म्हणून त्यांचा कल रोबोटकडे. मी तिथल्या तिथे म्हणालो, "रोबोट नको." चाकणला कंपनीत मी वेल्डिंगच्या रोबोटांचीच देखभाल करतो. प्रोग्राम सुरू झाला की समोर लोखंड आहे की माणूस, याचं त्यांना सोयरसुतक नसतं. म्हणून तर त्यांना जाळीत कोंडतो आणि थांबवायचं लाल बटण हाताशी ठेवतो. त्याच्या हाती माझी सुनंदा? छे! ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." तेव्हा मात्र निर्णय माझ्या एकट्यावर आला. चुकलो तर जीव तिचा जाणार होता.

रविवारी निमगावच्या खंडोबाला गेलो. पायरीशी भंडारा विकणाऱ्या मावशीजवळ टेकलो आणि का कोण जाणे, सगळं बोलून बसलो. तिने विचारलं, "दसऱ्याला त्या यंत्राला हळदकुंकू लावतोस का न्हाई?"

"लावतो की. नारळही फोडतो."

"मग तवा त्यात देव हाय आन् आता न्हाई व्हय? त्याला चालवतंय कोन, त्ये तरी इचारलंस का?"

अहो, एवढी साधी गोष्ट मला सुचलीच नव्हती! सुनंदाला मावशीचं हळदकुंकवाचं बोलणं सांगितलं, तिला घेऊन दवाखान्यात गेलो आणि विचारलं, "प्रोग्राम कोण टाकतं?" डॉक्टरीणबाई हसल्या. "प्रोग्राम नसतो हो. बाजूला बसून मीच चालवते. माझी बोटं हलतील तसाच तो हलतो. मी थांबले की तोही थांबतो." मी म्हणालो, "मग बिनधास्त करा." सुनंदानेही हसून मान डोलावली.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं तेव्हा माझा हात सवयीने बटण शोधत होता. माझी सगळी श्रद्धा त्या बटणावर होती, हे मला तेव्हा कळलं. "मल्हारी, आता बटण तुझ्याकडे," असं म्हणालो, आणि खरं सांगतो, मन शांत झालं. मावशीच्या तोंडून देव बोलला की मावशीच शहाणी, या वादात मी पडत नाही. मला उत्तर मिळालं, तेवढं पुरे. दुसऱ्याच्या हाती सोडून द्यायलाही हिंमत लागते, आणि ती मल्हारीनेच दिली.

गाठ नीट निघाली. सुनंदाने डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "अहो, त्या रोबोटला कुंकू लावलंत का?"

मी हसता हसता रडलो. म्हटलं, "दसऱ्याला दोघं मिळून लावू."