ताईच्या स्थळांचे पत्ते

नांदेडहून आतेभाऊ आला की त्याच्या खिशात पैलवानांचे पत्ते असायचेच. परदेशी पैलवान, दंड फुगवून उभे, आणि खाली उंची, वजन, छाती असे आकडे. डाव सोपा. सगळ्यांनी आपापल्या गड्डीतला वरचा पत्ता बघायचा, ज्याची पाळी त्यानं एक रकाना पुकारायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्यानं बाकीच्यांचे पत्ते ओढायचे. एकदा मी त्याला पार धुतलं, तर पठ्ठ्या पत्ते खिशात कोंबून म्हणाला, "हा पोरींचा खेळ न्हाई." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जा रे, आमी आमचे पत्ते करू!

आता जिंतुरात पोरींनी पैलवान आणायचे कुठून? पण आमच्या घरी त्या वर्षी पाहुण्यांची रांग लागली होती. ताई बारावी होऊन घरात बसली होती आणि सारखं कुणी ना कुणी तिला बघायला यायचं. एकूण एक पाहुणा मी पडद्याआडून बघितलेला. एवढा माल घरात असताना पैलवान कशाला हवेत?

जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून मी पत्ते केले आणि स्केचपेनानं तोंडं काढली. नावं घातली नाहीत, कारण आईच्या हाती लागले असते तर माझी धडगत नव्हती. नुसतं 'मिशीवाला', 'पोखर्णीचा बागायतदार', 'परभणीचा इंजिनिअर', 'वालूरचा मास्तर'. खाली रकाने: उंची, शेती, खाल्लेल्या पोह्यांच्या बशा. वय आणि सोबत आणलेली माणसं या दोन रकान्यांत मात्र कमी आकडेवाला जिंकायचा. वालूरच्या मास्तरानं जीप भरून माणसं आणली होती आणि आईचे पोहे संपले होते, त्याची शिक्षा नको का?

तरी गड्डी अपुरी पडली. समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचंही जमवणं चालू होतं, म्हणून तिनंही त्यांच्याकडच्या पाहुण्यांचे पत्ते केले. मग आमची अदलाबदल सुरू झाली.

"तुझा सेलूचा कापूसवाला दे, मी दोन मिशीवाले देते."

"तुमच्याकडं तर एकच मिशीवाला आला होता!"

"दुसरा त्याचा भाऊ. तो बी लग्नाचाच हाय."

दुपारी ओसरीवर बसून आम्ही गड्डी खेळून बघायला लागलो, आणि खोट लगेच कळली. परभणीचा इंजिनिअर! उंच, तरणा, शेती भरपूर, सोबत फक्त आई-वडील. पोह्यांत तेवढा मार खायचा, पण पोहे पुकारतंय कोण? तो ज्याच्या हाती, त्याचा डाव. सगळी मजाच गेली.

अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचंही मत तेच, इंजिनिअरपुढं बाकी सगळे फिके. घरात आता इंजिनिअरचंच नाव चाललं होतं आणि येत्या रविवारी सुपारी फोडायला परभणीला जायचं घाटत होतं. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलंच. ताईला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि ताई तर गल्लीत शहाणी म्हणून नावाजलेली, म्हणजे तोंड न उघडणारी. तिच्या त्या शहाणपणाचा मला लय राग यायचा.

इकडं मैत्रीण रुसून बसली. "त्या इंजिनिअरला फाडून टाक, न्हाई तर मी खेळणार न्हाई."

"फाडू कामून? उंच हाय तर हाय. मी खोटं लिहिणार न्हाई."

ताई तिथंच ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "एक रकाना वाढवा. बघायला आलेल्यानं पोरीला सोताच्या तोंडानं किती प्रश्न विचारले."

अगं बाई! आम्ही आठवायला बसलो. भाकरी येते का, हे विचारायचे पोराचे काका. चालून दाखव म्हणायची आत्या. नवरदेव आपला टीपॉयकडं बघत बसलेला. शून्य, शून्य, शून्य. मिशीवाल्यानं "पाणी मिळेल का?" विचारलं होतं, पण ते मैत्रिणीनं धरू दिलं नाही. इंजिनिअर तर सारा वेळ पंख्याकडं बघत होता. फक्त वालूरच्या मास्तराचे तीन निघाले. ते ताईनंच सांगितले, आठवायला जराही न थांबता.

गड्डीत एकदम जीव आला. सगळ्यात मरतुकडा मास्तर इंजिनिअरला लोळवायला लागला. आम्ही ओरडून ओरडून खेळलो. मला वाटलं, ताईनं खेळ दुरुस्त केला. तेवढंच कळायची अक्कल होती मला.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला. एस.टी. आगारात उभ्या, त्यामुळं रोज परभणीला कचेरीत जाणारे अण्णा घरीच. पेपरही नव्हता. कंटाळून ते ओसरीवर आले.

"काय खेळायलाव गं पोरीहो? मला बी वाटा."

मी गार! पण अण्णांनी पत्ते बघितले आणि पोट धरून हसले. "हा तर तो मिशीवाला! अन् याच्या कपाळावर आठ्या कामून काढल्यास?" बघता बघता ते रंगात आले. मधेच मैत्रिणीला तिच्या आईनं हाक मारली, तेव्हा तिची गड्डी ताईनं उचलली. अण्णा इंजिनिअरच्या जोरावर पत्ते ओढत सुटले होते. मग पाळी ताईची आली. अण्णांच्या हातात इंजिनिअरच होता.

"बोल, काय पुकारतीस?"

"प्रश्न," ताई म्हणाली. "माझे तीन." तिच्या हातात मास्तर होता.

अण्णांनी पत्ता जवळ धरून बघितला. "शून्य? असं कसं? तुला काहीच विचारलं न्हाई त्यानं?"

"काहीच न्हाई, अण्णा," मी मधेच बोलले. "पंख्याकडं बघत होता."

अण्णा माझ्यावर हसले नाहीत. ताईला म्हणाले, "अन् मास्तरानं काय विचारलं होतं?"

"पुढं शिकायचं का, म्हणून विचारलं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी कुठं? तुमीच सांगितलं, अण्णा. आता काय शिकायचं ऱ्हायलंय, म्हणालात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमीच दिली."

ताई थेट अण्णांकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. अण्णांनी हातातला पत्ता तिच्यापुढं ठेवला.

"बरं. आता तू सांग."

"शिकायचंय," ताई म्हणाली.