अर्जासाठी ठेवलेली खुर्ची

वसंता बडनेऱ्याला गाडीखाली सापडला, त्या दिवशी मंगळवार होता. तेरावं झाल्यावर त्याच्या वडिलांनी अमरावतीच्या घराच्या ओसरीवर, आपल्या खुर्चीसमोर, दुसरी खुर्ची आणून ठेवली. तिच्यावर त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नाही.

गल्लीत त्यांना सगळे खुर्चीवाले काका म्हणत. नोकरीसाठी आलेले अर्ज चाळण्यात त्यांची सारी हयात रेल्वेच्या कचेरीत गेली होती. निवृत्त झाल्यावर ते लोकांना अर्ज लिहून देऊ लागले. साठ-बासष्ट सालच्या सुमारास आमच्या भागात मॅट्रिक झालेला बहुतेक प्रत्येक मुलगा त्या ओसरीच्या सतरंजीवर बसून गेला आहे. अर्ज तयार झाला की काका तो रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून मोठ्याने वाचत. वाचून झाल्यावर खुर्चीकडे पाहत राहत. ती नजर अशी असे की आपलीही मान तिकडे वळावी, आणि वळवायची भीती वाटावी. मग बहुधा म्हणत, "कोनी नाई बसलं. फाड."

"अर्ज तुह्या आंदी आत जाते," ते सांगत. "तू बाहेर बाकड्यावर बसशीन, अन थो सायबापुढं उभा राहीन. त्याले हातपाय नको काय?"

तेल्हाऱ्याच्या एका मुलाने अर्जात आपण नम्र, मेहनती आणि प्रामाणिक असल्याचं लिहून आणलं होतं. काका म्हणाले, "हे तिघं कोन रे? याच्यात तू कोन्ता?" काकांनी खोदून विचारलं. तेव्हा कळलं की हंगामात तो जिनिंगच्या कारखान्यावर कापसाच्या गाड्या तोलून घेत असे.

"मंग थे काहून नाई लिवलं?"

"थे तं मजुरीचं काम, काका."

"अन गाडीवाला खोटं बोलला तं?"

"तं पुन्यांदा तोलाले लावू मी. भांडला तरी लावू."

"हाच तं तू होय, बाबू!" काकांनी तेवढंच ठेवलं आणि पुन्हा वाचलं. वाचताना त्यांचा आवाज त्या मुलासारखा थोडा घोगरा झाला. शेवटी ते खुर्चीला म्हणाले, "जा आता. नंबर येईन तुहा." प्रत्येक जमलेल्या अर्जाला त्यांचा हाच निरोप असे. मुलगा सतरंजीवरून उठला तेव्हा खुर्चीला वळसा घालून गेला, हे मी पाहिलं.

मी शेजारच्या वस्तीतली. बाबा गेल्यावर आई आणि मी दोघीच उरलो होतो. अकोल्याला एका वाचनालयात जागा निघाली. ती मिळाली नसती तर मला चांदूर बाजारला मामांच्या घरी कायमचं जावं लागलं असतं. मामी वाईट नव्हती, पण मी पुस्तक हातात घेतलं की तिला काम आठवे. अर्जात मी 'वाचनाची अत्यंत आवड' असं लिहिलं होतं. काकांनी ते खुर्चीला वाचून दाखवलं आणि कागद माझ्याकडे परत दिला.

"आवड कोनालेबी असते, बाई. तू काय केलं?"

मी सांगितलं, आम्ही बौद्ध झाल्यावर वस्तीतल्या विहारात पुस्तकांची एक पेटी आली. ती मी सांभाळत असे. नेलेली पुस्तकं लोक परत करत नसत, मग मी घरोघर जाऊन मागून आणत असे.

"देत नसले त्यायले काय म्हने तू?"

"काही नाही. त्यांच्या ओट्यावर बसून राहत असे. पुस्तक हातात येईपर्यंत."

काका प्रथमच हसले. "लिव हे."

"विहार असं लिहू?" मी विचारलं. आई म्हणाली होती, ते नको लिहू.

"नाई लिवलं तं खुर्चीत अर्धीच बसशीन."

मी लिहिलं. काकांनी वाचलं. बाहेर उन्हात चिटपाखरू नव्हतं, वारा नव्हता. वाचून संपलं तेव्हा समोरच्या खुर्चीचा वेत करकरला, माणूस टेकल्यावर करकरतो तसा. काका त्या बाजूला पाहून म्हणाले, "बसली पाहा."

ती नोकरी मला मिळाली. पेढे घेऊन गेले तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्या मंगळवारी सकाळी वसंताने आपला पहिला अर्ज स्वतः लिहून वडिलांना दाखवला होता. काकांनी वाचून परत दिला आणि म्हणाले, "याच्यात मानूसच नाई." तोच अर्ज घेऊन वसंता बडनेऱ्याला गेला.

"तवापासून त्याचा अर्ज लिवून राहिले हे," काकू म्हणाल्या. "दर मंगळवारी वाचतेत त्या खुर्चीले. साऱ्या दुनियेची पोरं बसतेत तिच्यावर. आमचाच नाई बसत."

पुढे चार-पाच वर्षांनी, उन्हाळ्यात, काकांनी अंथरूण धरलं. मी अकोल्याहून भेटायला गेले. त्यांची खाट ओसरीवर, खुर्चीसमोरच होती. भर दुपार. वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी उशाखालून कागद काढून माझ्या हातात दिला. "मले आता दिसत नाई बरोबर. तू वाच. अन खरं सांग, बसला का नाई."

मी वाचला. त्यात शिक्षण एका ओळीत होतं. बाकी सगळं वसंता होता: सायकलची साखळी पडली तर ओळख नसलेल्यालाही थांबून बसवून देणारा, आईने रागावलं तर विहिरीवर जाऊन उगीच दोन घागरी जास्त आणणारा. वाचून झालं. ताटीचं ठिबकणं थांबलं होतं.

"बसला काय?"

"बसला, काका."

"कसा बसला?"

"छातीवर हात धरून. खिशावर. काहीतरी झाकल्यासारखा."

हे मी पाहिलं की मला सुचलं, मला आजही सांगता येत नाही. मागे काकूंच्या हातातला पेला खाली पडला. त्या दाराची चौकट धरून म्हणाल्या, "त्या दिशी पेन गळला होता त्याचा. सदऱ्यावर शाईचा डाग पडला. ह्यायले दिसू नये म्हून हात धरून गेला पोरगा. मी कोनालेच नाई सांगतलं. कोनालेच नाई."

काका ऐकत होते की नाही, कोण जाणे. त्यांचं लक्ष खुर्चीकडे होतं. आता ते नेहमीचा निरोप देतील असं मला वाटलं. पण ते "जा" म्हणाले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. "मी बी येतो."

दिवेलागणीच्या आधी ते गेले.

वर्षश्राद्धानंतर काकूंनी खुर्ची माझ्याकडे पाठवली. ती अकोल्याला, माझ्या खोलीत खिडकीपाशी आहे. तिचा वेत मध्ये खाली गेला आहे. मी तिच्यावर बसत नाही.