वार नाही, जागा हलवली

व्हर्लीन गॅडिस परिषदेसाठी कारखाने तपासायला जायची, ती नेहमी मागच्या दाराने. पुढच्या दारात मालक टाय लावून उभा असायचा. मागे सिगारेट ओढणाऱ्या कामगाराला ती विचारायची, "रजा हवी असली की कुणाला सांगता हो?" कागदावर कृष्णवर्णीय मालक दाखवून खरा कारभार भलताच कुणी करत असेल, तर ते तिथेच उघडं पडायचं.

आमच्यासारख्या कृष्णवर्णीयांच्या धंद्यांना मोठ्या कंपन्यांची कामं मिळवून देणारी ही अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली परिषद. दोन तृतीयांश सभासद कृष्णवर्णीय, बाकीचे त्या कंपन्यांचे गोरे प्रतिनिधी; अध्यक्ष मात्र बावीस वर्षं गोरेच. नाटकातून निवृत्त झाल्यावर मी पोशाख भाड्याने देण्याचं दुकान काढलं, म्हणून मलाही एक मत होतं. ते मी कधीच दिलं नव्हतं. निवडणूक मे महिन्यातल्या बुधवारी, संध्याकाळी सहाला. मत द्यायचं तर हजर राहूनच. आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही सगळे कुठे असतो? चर्चमध्ये, बायबलच्या अभ्यासाला.

व्हर्लीन अध्यक्षपदाला दोनदा उभी राहिली, दोनदा पडली. अध्यक्ष व्हिटकॉम्ब गोड हसून म्हणाले, "तुमच्या लोकांना रसच नाही, बाई." वार बदला म्हटलं, तर उत्तर आलं, "परंपरा आहे."

तिसऱ्या खेपेला ती मला घेऊन थेट आमच्या चर्चच्या रेव्हरंड टॉलिव्हरांकडे गेली.

"बुधवार मी हलवणार नाही, सिस्टर," रेव्हरंड आधीच म्हणाले. "माझ्या बापाने चालवलेला वर्ग आहे हा."

"वार नका हलवू. जागा हलवा."

रेव्हरंडांनी चष्मा काढला. "म्हणजे, परिषदेच्या सभागृहात?"

"वर्ग तिथल्या वाहनतळावर घ्या, दहा मिनिटं. मग मत द्यायला सगळे आत."

"आणि प्रार्थना लांबली तर?"

"तुमची लांबतेच," ती म्हणाली. "म्हणून साडेपाचला सुरू करा."

ते असे हसले की शेजारच्या खोलीतून त्यांची बायको डोकावली. त्यांनी लगेच आणखी दोन चर्चना फोन लावला.

आयुष्यभर मी रंगमंचावर प्रवेश केले. टाळ्या घेतल्या, शिट्ट्या घेतल्या. पण त्या बुधवारी पाहिला तसा प्रवेश मला कधी जमला नाही. तीन चर्चच्या बसगाड्या ओळीने आल्या. केशकर्तनालयवाल्या, छप्परवाले, छापखानेवाले, सगळे बगलेत बायबल घेऊन उतरले. रेव्हरंड चक्क नऊ मिनिटांत आटोपले, हाच त्या दिवसातला पहिला चमत्कार. मग आम्ही गात गात आत शिरलो. खुर्च्या संपल्या, भिंती भरल्या.

व्हिटकॉम्बनी घसा खाकरला. "हे सगळे सभासद आहेत?"

"एकेकाला मी स्वतः तपासलंय," व्हर्लीन म्हणाली, "मागच्या दाराने."

हात वर झाले. त्यांच्याकडे सव्वीस, तिच्याकडे एकशे चार. माझ्या शेजारची म्हातारी मिसेस बूकर दोन्ही हात वर करून रडत होती. मी तिचा एक खाली ओढला, म्हटलं, "एकच मोजतात गं!"

व्हर्लीन खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "पहिलं काम. पुढची सभा गुरुवारी."

"गुरुवारी नाही!" अर्धं सभागृह ओरडलं. "गुरुवारी गायनाची तालीम असते!"

"बरं, मंगळवारी," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी सभेचा लाकडी हातोडा असा आपटला की पाण्याचा पेला टेबलावरून उडाला.